फुगलेला कंडेन्सर बदलला, तरी बोर्ड परत आला? खराब कंडेन्सर शोधण्याची क्रमवार पद्धत

तालुक्याच्या ठिकाणी माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात. एप्रिल लागला की टेबलावर सेट टॉप बॉक्स, त्यांचे अडॅप्टर आणि एलईडी टीव्हीचे पॉवर बोर्ड यांची रास लागते. त्यातले बरेच बोर्ड आधी कुणीतरी उघडलेले असतात. दोन नवे कंडेन्सर चमकत असतात, बाजूला फ्लक्स तसाच पडलेला असतो आणि बोर्ड अजून बंदच असतो. कंडेन्सर बदलला होता, पण तो खराब आहे की नाही हे कुणी मोजलं नव्हतं.

चूक एकच आहे आणि ती वारंवार होते: फुगलेला दिसला तो बदलायचा, सपाट दिसला तो चांगला समजायचा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधला ओला कागद कोरडा होत जातो, आतला रोध वाढतो, क्षमता घटते, आणि वरचं टोपण मात्र जसंच्या तसं सपाट राहतं. लहान कंडेन्सरच्या बाबतीत तर बहुतेक वेळा असंच होतं. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. क्रमाला कारण आहे, मधली पायरी गाळली की पुढचं माप खोटं निघतं.

## तयारी: टेबलावर काय हवं

डिजिटल मल्टिमीटर हवा, डायोड रेंज आणि बझर असलेला. एसी व्होल्टची रेंज तपासून घ्या. स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) दिसत नाही. २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्ट एसी दाखवणारा मीटर लागेल.

ईएसआर मीटर हवा. ईएसआर म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध. या कामात पैसे घालायचे असतील तर सगळ्यात आधी इथे घाला. तो कंडेन्सरला साधारण १०० किलोहर्ट्झचा अगदी कमी व्होल्टेजचा सिग्नल देऊन आतला रोध मोजतो. व्होल्टेज इतकं कमी असतं की बोर्डवरचे डायोड आणि ट्रान्झिस्टर चालू होत नाहीत, त्यामुळे कंडेन्सर न काढता मोजता येतो. बाजारात मिळणारा स्क्रीनवाला कंपोनंट टेस्टर हाही कामाचा आहे, पण त्यासाठी कंडेन्सर बोर्डवरून काढावाच लागतो.

सिरीज बोर्ड हवा, म्हणजे लाईनच्या एका वायरीत मध्येच जोडलेला होल्डर आणि त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचा बल्ब गरम झाला की त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप आवळला जातो, एलईडीमध्ये तो गुण नाही. जुने बल्ब मिळणं आता अवघड होत चाललंय, म्हणून दिसेल तिथे दोन-तीन घेऊन ठेवा.

चार्ज उतरवायला २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. त्याच्या दोन्ही पायांना जाड आवरणाच्या वायरी आणि प्रोब जोडून कायमचं साधन बनवा. बाकी सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), फ्लक्स, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), जुना टूथब्रश आणि फोटो काढायला मोबाइल.

## टप्पा १: उघडण्याआधी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: एकदम बंद पडला, की हळूहळू त्रास द्यायला लागला?

डिसेंबरात एक काका सेट टॉप बॉक्स घेऊन आले. म्हणाले, “भाऊ, सकायी चालूच होत नाही जी. अर्धा घंटा बटन चालू ठेवलं का मंग आपसुकच होते. दुपारी तं काहीच त्रास नाही.” एवढं ऐकलं आणि उघडण्याआधीच दिशा मिळाली. वाळत आलेल्या कंडेन्सरचा आतला रोध थंडीत आणखी वाढतो, ऊब मिळाली की कमी होतो. सकाळी आडमुठेपणा आणि दुपारी सुरळीत, ही वाळलेल्या कंडेन्सरची खूण आहे. उन्हाळ्यात गरम झाल्यावर बंद पडणारी वस्तू असेल तर आधी आयसी, सैल सोल्डर आणि धुळीने भरलेला हीटसिंक बघा.

दुसरा प्रश्न: त्याच वेळी शेजारच्यांच्या वस्तूही गेल्या का?

उत्तर ‘हो’ आलं तर गोष्ट वेगळी आहे. वादळात डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास लाईन येऊ शकते. ४०० एसी म्हणजे ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) साधारण ५६५ व्होल्ट डीसी. ब्रिजनंतरचा मोठा, मुख्य कंडेन्सर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, तो फुटणारच. हा कंडेन्सर म्हातारा होऊन गेलेला नाही, त्याला मारलंय. त्याच्यासोबत व्हेरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग), ब्रिजचे डायोड आणि मॉस्फेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) हेही गेलेले असू शकतात. फक्त कंडेन्सर बदलून लाईन दिली की नवाही जाईल.

तिसरा प्रश्न: ठेवता कुठे? टिनाच्या छताखाली, टीव्हीच्या डोक्यावर, वरून क्रोशाचं कव्हर टाकून, असं ठेवलेलं असलं तर उत्तर तिथेच आहे. पण ते काम झाल्यावर सांगायचं, आधी मोजायचं.

## टप्पा २: चार्ज उतरवा, मगच बोट लावा

२३० व्होल्ट एसीचं ब्रिजनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि ते मुख्य कंडेन्सरमध्ये साठून राहतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चालू असलेल्या सप्लायपेक्षा मेलेला सप्लाय जास्त धोक्याचा असतो. चालणारा सप्लाय प्लग काढल्यावर स्वतःच तो चार्ज खाऊन टाकतो. मेलेल्यात स्विचिंगच होत नाही, म्हणून ओढणारं कुणी नसतं, आणि ३०० व्होल्ट बराच वेळ तसेच बसून राहतात. मला बसलेला सगळ्यात मोठा झटका प्लग काढून दहा मिनिटं झालेल्या बोर्डचा होता. हात खांद्यापर्यंत बधिर झाला, आणि बोर्ड हातातून उडून फरशीवर पडला तो वेगळा.

१. प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच भिंतीवरच्या स्विचबोर्डांमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतात.

२. मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मुख्य कंडेन्सरच्या दोन पायांवर मोजा.

३. रेझिस्टरचे प्रोब त्याच पायांवर पाच सेकंद धरा. १०० मायक्रोफॅरडला २.२ किलोओहमने सव्वा सेकंदात चार्ज जवळजवळ संपतो, पण घाई नको.

४. पुन्हा मोजा. २ व्होल्टच्या खाली आलं पाहिजे.

५. एक मिनिट थांबून तिसऱ्यांदा मोजा. मोठ्या कंडेन्सरमध्ये उतरवल्यावरही थोडं व्होल्टेज परत वर येतं.

सावध: स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून चार्ज उतरवू नका. ठिणगीने पाय वितळतो, ट्रॅक उडतो, आणि जवळच्या आयसीला झटका बसून चांगला बोर्ड तुमच्याच हातून मरतो. ईएसआर मीटर चार्ज असलेल्या कंडेन्सरला लावला तर मीटरही जातो.

## टप्पा ३: डोळ्यांनी बघा, पण निर्णय देऊ नका

बोर्ड उजेडात धरा आणि बाजूने बघा. वरून बघितलं की हलका फुगवटा निसटतो. टोपणावर पट्टी आडवी ठेवून बघितली तर केसाएवढा उंचवटाही कळतो.

मग बूड बघा. काही कंडेन्सर वरून न फुगता खालचं रबर बाहेर ढकलतात आणि थोडे तिरके उभे राहतात. पायाजवळ हिरवट डाग, ट्रॅकवर काळपटपणा, गरम केल्यावर मासळीसारखा वास, ही इलेक्ट्रोलाइट गळल्याची लक्षणं आहेत.

इथे नवशिके एका गोष्टीत फसतात. कंपनी मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी गोंद लावते, म्हणजे हादऱ्याने तो हलू नये. तो गोंद उष्णतेने तपकिरी होतो आणि गळतीसारखा दिसतो. टोकदार वस्तूने खरवडून बघा: कडक तुकडा निघाला तर गोंद, ओलसर-चिकट लागलं तर गळती. मात्र जुना करपलेला गोंद कधीकधी स्वतःच थोडा करंट वाहू देतो आणि जवळचे पाय खातो. पायांमध्ये पसरलेला असेल तर खरवडून काढाच.

फुगलेला सापडला तरी थांबू नका. तो का फुगला हे विचारा. त्याच्या शेजारी गरम हीटसिंक आहे का? त्याच आउटपुट लाईनवर दुसरा सपाट कंडेन्सर आहे का? अनेकदा सपाट दिसणारा आधी वाळलेला असतो, सगळा रिपल करंट शेजाऱ्यावर येतो, आणि शेजारी गरम होऊन फुगतो.

## टप्पा ४: बोर्ड बंद ठेवून शॉर्ट तपासा

ईएसआर मोजण्याआधी शॉर्ट बघायचा, उलट नाही. कारण साधं आहे: पूर्ण शॉर्ट झालेला कंडेन्सर ईएसआर मीटरवर शून्याजवळ दाखवतो, म्हणजे अगदी ‘उत्तम’. क्रम चुकला की मेलेला कंडेन्सर पास होतो.

मीटर डायोड रेंजवर ठेवून प्रत्येक आउटपुट कंडेन्सरवर दोन्ही बाजूंनी लावा. एका दिशेने आकडा हळूहळू वर चढत गेला तर ठीक. दोन्हीकडे शून्याजवळ अडकून बझर वाजतच राहिला तर त्या लाईनवर शॉर्ट आहे.

शॉर्ट आहे म्हणजे कंडेन्सरच शॉर्ट आहे असं नाही. त्या लाईनवर रेक्टिफायर डायोड असतो, कधी झेनर असतो, पुढे आयसी असतात. माझ्या टेबलावर शॉर्ट लाईनमध्ये आधी तीन पायांचा शॉट्की डायोड निघतो आणि फार क्वचित कंडेन्सर. डायोडचा पाय उचला, शॉर्ट गेला का बघा, मग कंडेन्सर उचला. सगळे एकदम काढलेत तर कोण दोषी होता हे कधीच कळणार नाही.

## टप्पा ५: ईएसआर मोजा

आधी मीटरच्या दोन प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा. ०.२ ओहम दाखवत असेल तर तो वायरींचा रोध आहे, प्रत्येक मापातून वजा करा किंवा मीटर शून्यावर आणा. हजार-सोळासारख्या (१००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट) मोठ्या कंडेन्सरच्या बाबतीत एवढ्या फरकानेच चांगल्याचा खराब ठरतो.

माझ्या वहीत अंदाजापुरते आकडे लिहून ठेवले आहेत. १०००/१६ किंवा १०००/२५ चा लो-ईएसआर कंडेन्सर ०.१ ओहमच्या खाली असावा, ०.३ च्या वर गेला की संशय. १००/२५ साधारण ०.३ ते ०.५. २२/५० एक-दीड ओहम. १०/५० दीड ते तीन. १/५० चार ते आठ. हे आकडे पोथीतले नाहीत, कंपनी आणि मालिका बदलली की बदलतात. खात्री करायची उत्तम रीत म्हणजे डब्यातला त्याच मूल्याचा चांगला नवा कंडेन्सर मोजून शेजारी ठेवणं. नव्यापेक्षा दुप्पट असेल तर नजर ठेवा, तिप्पट-चौपट असेल तर काढा.

दोन ठिकाणी माप फसवतं. एकाच लाईनवर दोन-तीन कंडेन्सर समांतर असतील तर मीटर सगळ्यांचं एकत्रित माप देतो, आणि एक चांगला असला की बाकीचे त्याच्या आड लपतात. शेजारी मोठे सिरॅमिक कंडेन्सर असले तरी तेच. संशय असेल तर एक पाय उचलून मोजा.

सगळ्यात जास्त सुटणारा कंडेन्सर: मुख्य बाजूला (जिथे थेट लाईन येते), पीडब्ल्यूएम आयसीच्या (स्विचिंग चालवणाऱ्या आयसीच्या) अगदी जवळ, करंगळीच्या नखाएवढा एक कंडेन्सर असतो. १०/५०, २२/५० किंवा ४७/५०. हा आयसीला चालायला लागणारं व्होल्टेज साठवतो. हीटसिंकच्या कुशीत बसलेला असतो, आयुष्यभर तापतो, आणि जवळजवळ कधीच फुगत नाही. सप्लाय पूर्ण मेलाय, फ्यूज चांगला, ३२५ व्होल्ट आहेत, पण आउटपुट नाही, किंवा ‘टिक-टिक’ असा आवाज येतोय, अशा वेळी बाकी काही मोजण्याआधी हा मोजा. वर सांगितलेल्या काकांच्या बॉक्समध्ये हाच होता: २२/५०, टोपण गुळगुळीत, बोटाला काही वेगळं लागत नव्हतं, आणि मीटरवर १८ ओहम.

## टप्पा ६: सिरीज बल्बवर चालू करा

आता लाईन द्यायची, पण सिरीज बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला किंवा विझला तर मुख्य कंडेन्सर चार्ज झाला आणि पुढे शॉर्ट नाही. भकभक पेटतच राहिला तर ब्रिज, मुख्य कंडेन्सर किंवा मॉस्फेट शॉर्ट. अजिबात लुकलुकला नाही तर फ्यूज किंवा सुरुवातीचा थर्मिस्टर तुटलेला.

सावध: सिरीज बल्ब बोर्डला वाचवतो, तुम्हाला नाही. मुख्य बाजू तेवढीच जिवंत असते. प्रोब लाईन बंद असताना क्लिपने लावा, मग चालू करा, एक हात मागे ठेवा, पायात चप्पल असू द्या. ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंड क्लिप मुख्य बाजूला कधीही लावू नका.

बल्बची चाचणी पास झाल्यावर थेट लाईनवर घ्या. मुख्य कंडेन्सरवर, लाईन २३० असेल तर, ३२० च्या आसपास दिसलं पाहिजे. लोड नसताना वाळलेला कंडेन्सरही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणून टीव्ही चालू करून लोडवर मोजा. लाईन तेवढीच असताना लोडवर आकडा २५० पर्यंत खाली बसला तर मुख्य कंडेन्सरची क्षमता गेलेली आहे. लाईनही त्याच वेळी मोजा. आमच्याकडे संध्याकाळी घरात १७० व्होल्ट येणं नवीन नाही, आणि तेवढ्यावर २४० डीसी दिसणं बरोबरच आहे.

ठरावीक वेळाने आउटपुट चढतं आणि पडतं, असं दिसलं तर आयसीच्या सप्लायच्या पायावर मीटर लावा. यूसी३८४२ असेल तर तो साधारण १६ व्होल्टला चालू होतो आणि १० व्होल्टला बंद पडतो. या दोन्हींमध्ये व्होल्टेज झोके घेत असेल तर एक तर त्याचा छोटा कंडेन्सर वाळलाय, नाहीतर आउटपुटला शॉर्ट किंवा जास्त लोड आहे. टप्पा ४ नीट केला असेल तर शॉर्टची शक्यता आधीच गळालेली असते.

रिपल बघायला मीटर एसी २ व्होल्टवर ठेवा आणि लाल प्रोबच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर सिरीजमध्ये लावा. तो न लावता मोजलं तर काही मीटर डीसीलाच एसी समजून भलताच आकडा देतात. चांगल्या १२ व्होल्ट लाईनवर काही मिलिव्होल्ट दिसतात, अर्धा व्होल्ट दिसला तर फिल्टर गेला. साधा मीटर स्विचिंगच्या वेगाचा रिपल खरा मोजत नाही, कमीच दाखवतो. त्यामुळे आकडा मोठा आला तर विश्वास ठेवा, लहान आला म्हणून निर्धास्त राहू नका.

भजनी मंडळाचे आणि मंडपवाल्यांचे जुने ट्रान्सफॉर्मरवाले ॲम्प्लिफायर यात सोपे. व्हॉल्यूम शून्यावर न्या. घुमणारा आवाज तसाच राहिला तर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर बघा, ४७००/५० किंवा तत्सम. व्हॉल्यूमबरोबर कमी झाला तर माइकची वायर, इनपुट किंवा अर्थिंग. मी पाहिलेल्यांत दुसरं कारण जास्त निघालंय, आणि लोक मात्र आधी फिल्टर बदलतात.

## टप्पा ७: समांतर लावून किंवा ऊब देऊन खात्री

ईएसआर मीटर नसेल तर हे दोन उपाय आहेत. लाईन बंद करून, चार्ज उतरवून, संशयिताच्या पायांवर बोर्डच्या मागून त्याच मूल्याचा चांगला कंडेन्सर तात्पुरता सोल्डर करा आणि चालू करा. दोष गेला तर संशय खरा. चालू बोर्डवर हाताने कंडेन्सर टेकवू नका: रिकामा कंडेन्सर एकदम करंट ओढतो, लाईन बसते, बॉक्स रीस्टार्ट होतो आणि तुम्हाला वाटतं दोष मिटला. शॉर्ट किंवा आतून करंट गळणारा कंडेन्सर मात्र या चाचणीत पकडला जात नाही.

थंडीतला दोष असेल तर हेअर ड्रायरच्या तोंडाला कागदाची नळी लावून एकेका कंडेन्सरला ऊब द्या. ज्याला ऊब दिल्यावर सप्लाय उठतो, तो तुमचा. उलट खात्रीसाठी त्याच्या डोक्यावर आयपीएत भिजवलेला कापूस ठेवा, गार झाल्यावर दोष परत आला पाहिजे. हे करताना बोर्ड बंद ठेवा आणि आयपीए पूर्ण उडाल्याशिवाय लाईन देऊ नका.

## टप्पा ८: काढा, मोजा, मग ठरवा

काढण्याआधी फोटो. कंडेन्सरच्या अंगावरची पट्टी निगेटिव्ह दाखवते. बोर्डवर बहुतेक ठिकाणी भरलेला अर्धगोल निगेटिव्ह असतो, पण काही बोर्डांवर तो पॉझिटिव्ह असतो, म्हणून छापील खुणेवर नाही, फोटोवर जा. चपट्या बुडाच्या एसएमडी (भोकात न घालता वरच सोल्डर होणाऱ्या) ॲल्युमिनियम कंडेन्सरवर काळा भाग निगेटिव्ह, आणि पिवळ्या टँटलम कंडेन्सरवर पट्टी पॉझिटिव्ह. ही उलटापालट लक्षात ठेवली नाही तर चालू करताच टँटलम पेट घेतो.

काढलेला कंडेन्सर टेस्टरवर लावा. क्षमतेत २० टक्के कमी-जास्त चालतं, तशी ती तयारच होते. क्षमता बरोबर पण ईएसआर जास्त असेल तर कंडेन्सर खराब. फक्त क्षमता बघून ‘ठीक आहे’ म्हणणं ही तर रोजची चूक. आणि क्षमता छापील मूल्यापेक्षा बरीच जास्त दाखवत असेल तर खूश होऊ नका, तो आतून करंट गळू देत असण्याची शक्यता असते.

## टप्पा ९: नवा कसा निवडाल

क्षमता तीच, व्होल्टेज तेच किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचा, लो-ईएसआर. उंची आणि पायांतलं अंतर आधी मोजा. मुख्य बाजूला ६८ च्या जागी २२० मायक्रोफॅरड ‘जास्त तेवढं चांगलं’ म्हणून घालू नका, चालू करताना ब्रिजवर आणि थर्मिस्टरवर ताण येतो.

१०५ अंश का, ते आपल्याकडच्या उन्हाळ्याशी जोडून बघा. साध्या मालिकेतल्या कंडेन्सरचं आयुष्य १०५ अंशांना २००० तास दिलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी झाले की ते दुप्पट होतं. चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ च्या पुढे जातं. बंद बॉक्सच्या आत ७५ अंश धरले तर १६,००० तास, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर दोन वर्षंही नाहीत. वरून क्रोशाचं कव्हर टाकून आत ८५ झाले की ८,००० तास, अकरा महिने. ८५ अंशांचा स्वस्त कंडेन्सर त्याच जागी लावला तर किती टिकेल हे तुम्हीच काढा.

व्होल्टेज कमी आलं तर सुटका होते असंही नाही. लाईन १६० वर आली की सप्लाय तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो आणि मुख्य कंडेन्सर आणखी तापतो.

जुन्या बोर्डवरून काढलेले कंडेन्सर गिऱ्हाइकाच्या वस्तूत घालू नका. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलाही तसाच घालू नका. त्याचा आतला ऑक्साइडचा थर कमकुवत झालेला असतो. १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला त्याच्या व्होल्टेजएवढा डीसी द्या आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघा. ते हळूहळू कमी होत गेलं पाहिजे. १०००/१६ च्या बाबतीत काही मिनिटांनी ते १.६ व्होल्टच्या वर अडकून राहिलं तर टाकून द्या. नागपूरला सीताबर्डीवरून घाऊक माल आणला की प्रत्येक पाकिटातले दोन-तीन मी मोजतो. मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरलेला माल येतो, तो हातात हलका लागतो आणि मीटरवर लगेच पकडला जातो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. पंख्याचा आणि पंपाच्या पॅनेलमधला रनिंग कंडेन्सर हा एसीवर चालणारा फिल्मचा असतो. त्याच्या जागी डीसीचा इलेक्ट्रोलिटिक कधीही लावू नका, तो फुटतो. पॅनेलमधला स्टार्टिंग कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक असतो, पण दोन्ही दिशांचा आणि काही सेकंदांपुरताच. तो वारंवार फुटत असेल तर त्याला वेळेवर तोडणारा रिले किंवा पुश बटण चिकटलंय का ते बघा.

## टप्पा १०: बसवा आणि चालवून बघा

जुन्या पायांवर आधी ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा, मग पंप मारा. ग्राउंडचा पाय मोठ्या तांब्यात असतो, तिथे २५ वॅटचं आयर्न कमी पडतं. ओढून काढलं की भोकातला तांब्याचा नळा निघून येतो आणि वरचा ट्रॅक सुटतो. एसएमडी कंडेन्सर तर पिरगाळून काढूच नका, पॅड उखडतो.

गळती झाली असेल तर ट्रॅक आयपीएने ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, आणि बझरने ट्रॅक शेवटपर्यंत तपासा. काळ्या पडलेल्या ट्रॅकवर नवं सोल्डर धरत नाही, आधी खरवडून तांबं दिसू द्या. नव्या कंडेन्सरचं बूड बोर्डला नीट टेकलं पाहिजे, आणि अंग हीटसिंकपासून दूर.

पुन्हा सिरीज बल्ब, मग थेट लाईन. दहा मिनिटांनी नव्या कंडेन्सरला हात लावून बघायचा, पण लाईन काढून आणि चार्ज उतरवून. कोमट ठीक. चटका बसत असेल तर दोष अजून बाकी आहे: शेजारचा कंडेन्सर, डायोड किंवा जास्त लोड.

मग झाकण लावून किमान दोन तास चालवा. थंडीतला दोष असेल तर रात्रभर टेबलावर बंद ठेवा आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर, झाडू मारण्याआधी, पहिल्यांदा तोच चालू करा. काकांचा बॉक्स मी सलग तीन सकाळी असा बघितला आणि चौथ्या दिवशी दिला. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि बदललेल्या कंडेन्सरचं मूल्य लिहून ठेवतो: ‘२२/५०, आयसीजवळ’. पुढच्या वेळी तो बॉक्स कुणाच्याही टेबलावर उघडला, तरी त्याला तिथून सुरुवात करता येईल.